छऱ्याच्या बंदुकीचा नेम आणि फोनमधलं अ‍ॅप: गणित कुठे जुळतं, कुठे फसतं

जत्रेत फुगे फोडायची बंदूक आपण सगळ्यांनीच कधी ना कधी खांद्याला लावलेली असते. नेम धरायचा मधल्या लाल फुग्यावर आणि फुटायचा शेजारचा पिवळा, तोही नशिबात असेल तर. मग मित्र हसणार, स्टॉलवाला गालातल्या गालात हसणार. लहानपणी मला वाटायचं की आपला हातच कच्चा आहे. पुढे कळलं की त्या बंदुकीच्या नळीवरची खूण बऱ्याचदा वाकलेली असते, छर्रे ढिले असतात, स्प्रिंग म्हातारी झालेली असते. थोडक्यात, हार्डवेअरच बाद!

चांगलं हार्डवेअर मला हातात मिळालं ते इंग्लंडमध्ये. कंपनीच्या प्रोजेक्टसाठी दोन वर्षं यॉर्कशरमध्ये होतो. टीममधले दोघं दर रविवारी एअर रायफल क्लबला जायचे, एकदा मलाही ओढून नेलं. शेतातल्या झाडीत धातूचे ससे उभे केलेले. सशाच्या पत्र्याला एक भोक, भोकामागे छोटी पट्टी. छर्रा भोकातून गेला की ससा धाडकन आडवा पडतो. पत्र्याला नुसता लागला तर 'टण्ण' आवाज येतो आणि ससा तुमच्याकडे बघत उभाच राहतो. या खेळाला हंटर फील्ड टार्गेट म्हणतात. अंतर ८ ते ४५ यार्ड, भोक १५ ते ४५ मिलिमीटर. आडवा पाडला तर २ गुण, नुसता पत्रा वाजवला तर १. पहिल्या दिवशी माझ्या खात्यात 'टण्ण'च जास्त होते, पण चहा-बिस्किटं खात, एकमेकांची खेचत दुपार कशी गेली कळलं नाही. दुसऱ्या रविवारी मी स्वतःहून तयार होतो.

आणि अर्थातच, सॉफ्टवेअरवाला माणूस असल्यामुळे मी सगळ्यात आधी काय केलं? अ‍ॅप डाउनलोड केलं.

हा लेख त्या अ‍ॅपबद्दल आहे, आणि त्याच्यावर जास्त विश्वास ठेवल्याने माझ्या हातून जे झालं त्याबद्दल. पुढे खऱ्या सशांचा विषय येईल, म्हणून आधीच सांगून ठेवतो: आपल्याकडे, भारतात, सशाची शिकार हा गुन्हा आहे. का आणि कसा, ते पुढे येतंय.

बंदुकीत नक्की होतं काय

एअर रायफलमध्ये दारू नसते, फक्त दाबलेली हवा. मुख्य प्रकार दोन. स्प्रिंगवाली बंदूक म्हणजे सायकलच्या पंपाचा आक्रमक भाऊ: नळी मोडून स्प्रिंग ताणायची, चाप ओढला की स्प्रिंग पिस्टनला पुढे ढकलते, हवा दाबली जाते आणि छर्रा निघतो. गंमत अशी की छर्रा नळीत असतानाच पिस्टनचा धक्का बंदुकीला आधी मागे आणि मग पुढे हलवतो. म्हणून ती घट्ट आवळून धरली तर नेम बिघडतो. हातावर नुसती टेकवायची, दर वेळी अगदी तशीच. दुसरा प्रकार पीसीपी. यात एका छोट्या सिलिंडरमध्ये साधारण २०० बार दाबाची हवा आधीच भरलेली असते. गाडीच्या टायरमध्ये दोन-सव्वादोन बार असते, त्यावरून अंदाज घ्या. यात धक्का जवळजवळ नाही, त्यामुळे नवशिक्याला सोपी. पण महाग.

छर्रा शिशाचा आणि आकाराने डमरूसारखा. पुढचा भाग जड, मागे पोकळ घेर. हा घेर हवेत शेपटासारखं काम करतो आणि छर्रा सरळ ठेवतो. नळीच्या आतल्या पिळदार खाचा त्याला गरगर फिरवतात. (शिशाला हात लावल्यावर हात धुतल्याशिवाय वडापाव खायचा नाही, हे क्लबमध्ये पहिल्याच दिवशी ऐकवतात. म्हणजे वडापाव नाही, सँडविच.)

इंग्लंडमध्ये १२ फूट-पाउंडपर्यंतची, म्हणजे सुमारे १६ ज्यूलची एअर रायफल वेगळ्या परवान्याशिवाय ठेवता येते. १६ ज्यूल म्हणजे किती? २०० ग्रॅमचा फोन आठ मीटरवरून, म्हणजे दुसऱ्या-तिसऱ्या मजल्यावरून खाली टाकला तर जमिनीवर आपटताना त्यात साधारण तेवढीच ऊर्जा असते. फरक इतकाच की इथे ती सगळी साडेचार मिलिमीटरच्या टोकावर एकवटलेली आहे. त्यामुळे 'खेळण्यातली बंदूक' हा शब्द डोक्यातून काढून टाका. डोळा जाऊ शकतो, जीवही जाऊ शकतो.

अ‍ॅप काय करतं

छर्रा सरळ रेषेत जात नाही. नळीतून निघाल्या क्षणापासून तो खाली पडायला लागतो, हे अकरावीच्या फिजिक्समधलंच. त्यात स्कोप नळीच्या वर चार-पाच सेंटिमीटर बसवलेला असतो. म्हणजे तुमची नजर एका रेषेत आणि छर्रा दुसऱ्याच वाटेवर. दोन्ही वाटा कुठे एकमेकींना छेदणार ते अ‍ॅप सांगतं.

त्याला चार गोष्टी हव्या असतात: छऱ्याचा वेग, तो हवेला किती सहज चिरत जातो याचा आकडा, स्कोपची उंची, आणि किती अंतरावर नेम जुळवून घेतलाय ते अंतर. माझ्या बाबतीत छर्रा अर्ध्या ग्रॅमपेक्षा किंचित जड, वेग सेकंदाला २३८ मीटर, स्कोप साडेचार सेंटिमीटर वर आणि नेम ३० मीटरला जुळवलेला. या आकड्यांवरून चित्र साधारण असं निघतं. १० मीटरवर छर्रा नजरेच्या रेषेखाली १ सेंटिमीटर लागतो. १५ मीटरच्या आसपास पहिल्यांदा रेषेवर येतो. २० मीटरवर अर्धा सेंटिमीटर वर असतो. ३० वर बरोबर रेषेत. इथपर्यंत सगळं गोड. मग ४० मीटरवर एकदम ३ सेंटिमीटर खाली आणि ४५ वर जवळजवळ ६.

म्हणजे जवळच्या अंतरात पाच-दहा मीटर इकडेतिकडे झाले तरी चालून जातं, पण ४० च्या पुढे अंतराचा अंदाज पाच मीटरने चुकला तर छर्रा अडीच-तीन सेंटिमीटरने चुकतो. डोळ्यांनी ४० आणि ४५ मीटरमधला फरक ओळखून दाखवा बघू. मला आजही जमत नाही.

वेग कुठून आणायचा? खोक्यावर छापलेला वेग टाकू नका. कंपन्या तो हलक्यात हलका छर्रा वापरून मोजतात असा माझा अनुभव आहे. क्रोनोग्राफ नावाचं यंत्र असतं, त्यात ठरावीक अंतरावर दोन सेन्सर असतात आणि छर्रा एकापासून दुसऱ्यापर्यंत किती वेळात गेला ते मोजलं जातं. पण हे काम तुमच्या फोनचा मायक्रोफोनही बऱ्यापैकी करतो, आणि मला ही आयडिया भारी आवडते.

क्लबच्या रेंजवर १० मीटरवर पत्र्याचं टार्गेट लावा, फोन बंदुकीशेजारी ठेवा आणि रेकॉर्डिंग सुरू करा. फायर केल्यावर वेव्हफॉर्ममध्ये दोन टोकं दिसतील: बंदुकीचा 'फट्' आणि टार्गेटचा 'टक्'. माझ्या रेकॉर्डिंगमध्ये दोन्हींत सुमारे ७२ मिलिसेकंदांचं अंतर होतं. पण 'टक्' आवाज परत १० मीटर चालून फोनकडे येतो. आवाज सेकंदाला ३४३ मीटर जातो, म्हणजे त्याचे २९ मिलिसेकंद वजा. राहिले ४३. दहा मीटर भागिले ०.०४३ सेकंद, म्हणजे सेकंदाला सुमारे २३२ मीटर सरासरी. वाटेत हवेने थोडा वेग खाल्ला, तो धरला की नळीच्या तोंडाशी २३८ च्या आसपास जुळतं. फोन सेकंदाला ४४,१०० वेळा आवाज मोजतो, त्यामुळे वेळ अगदी बारीक कळते. थंडीत आवाजाचा वेग थोडा कमी होतो, तेवढी दुरुस्ती करायची.

ऑलिंपिकमधली इलेक्ट्रॉनिक टार्गेटं बघितलीत तर काही प्रकारांत हेच तत्त्व उलट वापरलेलं दिसेल. कोपऱ्यांत मायक्रोफोन असतात आणि आवाज कुठल्या मायक्रोफोनला किती आधी पोचला यावरून छर्रा कुठून गेला ते काढतात. १० मीटर एअर रायफलमध्ये मधला दहाचा ठिपका फक्त अर्ध्या मिलिमीटरचा असतो, आणि गुण १०.९ पर्यंत दशांशात मोजतात. ०.१ मिलिमीटर ओळखायचा म्हणजे आवाजाचा वेळ साधारण ०.३ मायक्रोसेकंद इतका बारीक मोजावा लागतो. ठाण्याचा रुद्रांक्ष पाटील २०२२ मध्ये कैरोला याच प्रकारात वर्ल्ड चॅम्पियन झाला, तेही स्कोपशिवाय, कारण या प्रकारात स्कोप चालतच नाही.

जे अ‍ॅपला माहीत नव्हतं

आता मूळ गोष्ट. क्लबमधल्या मित्राला एका शेतकऱ्याने ससे मारायची परवानगी दिली होती. तिथे हे ससे बिळं खणून राहतात, पिल्लांवर पिल्लं देतात आणि गव्हाचे कोवळे कोंब कडेपासून आतपर्यंत फस्त करतात. १९५४ च्या तिथल्या कायद्याप्रमाणे आपल्या जमिनीवरच्या सशांचा बंदोबस्त करणं ही जमीन कसणाऱ्याचीच जबाबदारी असते. त्यामुळे मालकाची परवानगी असेल तर छऱ्याच्या बंदुकीने ससा मारणं तिथे बेकायदा नाही. मित्र म्हणाला, येतोस का? मी अर्थात हो म्हणालो.

पहिल्या संध्याकाळी मी नुसता बघत होतो. कुंपणाच्या कडेने पोटावर सरपटत जायचं, ओल्या गवताने कपडे भिजलेले, कुणी हलायचं नाही, शिंक आली तरी दाबायची. मित्राने २२ मीटरवरून एक ससा मारला, डोक्यात, तो जागेवरच गेला. दुसऱ्या दिवशी मी आईला व्हिडिओ कॉलवर ठेवून, घरून आणलेल्या कांदा-लसूण मसाल्यात त्याचा रस्सा केला. मटणापेक्षा मांस जरा कोरडं, चव कोंबडीच्या जवळ. चौघांनी पातेलं पुसून खाल्लं. खोटं कशाला बोलू, मजा आली.

पुढच्या वेळी बंदूक माझ्याकडे होती. लेझर रेंजफाइंडरने अंतर दाखवलं ३६ मीटर. अ‍ॅपने सांगितलं दोन सेंटिमीटर वर धर. वारा म्हणून मी फोनच्या हवामान अ‍ॅपमधला आकडा टाकला होता, सेकंदाला १ मीटर, म्हणजे जवळजवळ काहीच नाही. ससा आडवा, डावीकडे तोंड करून बसलेला. मी श्वास सोडला, चाप ओढला. 'टक्' ऐवजी ओल्या कपड्यावर चापट मारल्यासारखा आवाज आला. ससा उडाला, लंगडत कुंपणाकडे पळाला आणि बिळात शिरला.

आम्ही अर्धा तास तिथे बसलो. तो बाहेर आला नाही. मित्र काही बोलला नाही, आणि तेच जास्त लागलं.

घरी येऊन मी अ‍ॅपचे आकडे पुन्हा तपासले, जसा बग आल्यावर लॉग वाचतो तसे. वेग बरोबर, अंतर बरोबर. चूक होती वाऱ्याची. हवामान अ‍ॅपमधला वारा तुमच्या शेतातला नसतो. हवामान केंद्रांवर वारा मोजायची ठरलेली उंची जमिनीपासून १० मीटर असते, आणि केंद्र कित्येक किलोमीटर लांब असू शकतं. मधल्या जागेचा आकडा संगणकाने अंदाजाने भरलेला असतो. आम्ही होतो तिथे कुंपणात मोठी फट होती आणि त्यातून डावीकडून वारा येत होता. गवताची पाती वाकलेली मला दिसत होती, मीच लक्ष दिलं नाही. समजा तिथे वारा ३ मीटर होता. दोन मीटरच्या या फरकाने ३६ मीटरवर छर्रा साडेतीन सेंटिमीटर उजवीकडे सरकतो. ससा डावीकडे तोंड करून होता, म्हणजे उजवीकडे मान आणि खांदा. लागायला हवं होतं ती जागा जेमतेम तीन सेंटिमीटरची.

पण खरं सांगायचं तर वारा नसता तरी तो शॉट मी घ्यायला नको होता. त्या आठवड्यातलं माझं ३५ मीटरचं कार्ड काढून बघितलं. दहा छर्रे पाच सेंटिमीटरच्या वर्तुळात विखुरलेले. तीन सेंटिमीटरच्या जागेवर पाच सेंटिमीटरचा हात! हा आकडा अ‍ॅपमध्ये टाकायला रकानाच नव्हता. अ‍ॅप छर्रा मधोमध कुठे जाईल तेवढं दशांशात दाखवतं, आणि त्या दशांशामुळे आपल्याला वाटतं की आपणही तेवढेच अचूक आहोत.

मित्राचा नियम साधा होता, तो मला नंतर कळला. ज्या अंतरावर कागदावर दहापैकी दहा छर्रे दोन रुपयांच्या नाण्याएवढ्या गोलात बसतात, तेच आपलं अंतर. उभं राहून वेगळं, आडवं पडून वेगळं. त्या मोजमापाने माझं अंतर निघालं १८ मीटर. त्यानंतर दोन महिने मी फक्त कागद फाडले.

आता आपल्याकडचं

मराठीत आपण दोघांनाही ससा म्हणतो, म्हणून घोटाळा होतो. तिथला ससा बिळात राहतो, पिल्लं जन्मतात ती उघडी आणि डोळे मिटलेली. आपल्या माळरानावरचा रानससा वेगळा प्राणी आहे. तो बीळ खणत नाही, गवतात खळगा करून बसतो आणि त्याची पिल्लं अंगावर केस घेऊन, डोळे उघडे ठेवूनच जन्मतात. तो १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षित आहे. तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. शेत स्वतःचं आहे, बंदूक बिनपरवान्याची आहे, ससा लागलाच नाही, यातलं काहीही उपयोगी पडत नाही. कायद्याच्या व्याख्येत शिकारीचा प्रयत्न हीसुद्धा शिकारच.

बंदुकीचा नियम वेगळा. २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे ४.५ मिलिमीटरपर्यंत नळी आणि २० ज्यूलपर्यंत ऊर्जा असलेल्या एअर रायफलला परवाना लागत नाही. त्यापुढे लागतो. बरेच जण इथे गल्लत करतात: बंदुकीला परवाना नको म्हणजे कशावरही चालवायला मोकळे, असं धरतात. मग रात्री बॅटरी मारून सशाच्या मागे बाइक, आणि सकाळी त्याचं रील. भावांनो, ते रील म्हणजे चेहरा, तारीख आणि गावाच्या नावासकट स्वतःच दिलेला पुरावा आहे. वनखात्यालाही इन्स्टाग्राम दिसतं.

नेमबाजी करायची असेल तर आपल्याकडे जागा कमी नाहीत. पुण्यात बालेवाडीच्या क्रीडासंकुलात रेंज आहे. कोल्हापूरने तर तेजस्विनी सावंत, राही सरनोबत आणि २०२४ मध्ये पॅरिसला ब्राँझ मिळवणारा स्वप्नील कुसळे असे नेमबाज दिले आहेत. आधी क्लबची बंदूक वापरून बघा, लगेच विकत घेऊ नका. घरच्या गच्चीवर सराव नको. भिंतीवरून उलटलेला छर्रा कुठे जाईल ते कुठलंच अ‍ॅप सांगत नाही.

मी परत आल्यावर महिन्यातून दोन शनिवार रेंजवर जातो. बरोबर ऑफिसमधले दोघं असतात, पैज चहाची. प्रत्येक कार्डाचा वरून फोटो काढतो. फोन कार्डाला अगदी समांतर धरायचा, नाहीतर वर्तुळं लंबगोल दिसतात आणि मोजमाप चुकतं. मग सगळ्यात लांबच्या दोन भोकांमधलं अंतर एका शीटमध्ये भरतो, शेजारी तारीख, अंतर, आणि एक रकाना मी स्वतः वाढवलेला: वारा, डोळ्यांनी पाहिलेला. मागच्या शनिवारी २५ मीटरला दहा छर्रे २६ मिलिमीटरमध्ये बसले. चहा मात्र मलाच पाजावा लागला, कारण शेजारच्याचे २२ मध्ये होते.